मदत कोणाची, अटी कोणाच्या?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात उभे राहिले की एकाच नजरेत दोन मुंबई दिसतात. एका बाजूला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूला समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचे मनोरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये या परिसरात तिसरी गोष्ट आली, ती जमिनीखाली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानके, आणि शेवटचे स्थानक कफ परेड.

या मेट्रोच्या खर्चातला फार मोठा वाटा ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून आला. माझे बरेच विद्यार्थी या वस्तीतले आहेत, त्यामुळे तिथल्या पालकांशी बोलणे होते. मेट्रोविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, जपानने आपल्याला मेट्रो बांधून दिली. कोणी म्हणतो, देश परक्यांकडे गहाण पडला. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. परकीय मदतीचा आपल्या राज्यातला सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न निराळाच निघतो. पैसा कोणाचा होता यापेक्षा अटी कोणी लिहिल्या, आणि ज्याच्या दारातून काम जाणार होते त्याला बोलायला जागा होती की नाही, यावर निकाल ठरत गेला आहे.

आधी शब्दांचा हिशोब करू, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला ती सवयच लागते. मराठीतला ‘मदत’ हा अरबी ‘मदद’. ‘कर्ज’ही तिथलेच. ‘खैरात’ म्हणजे पुण्यासाठी दिलेले दान, ते परत मागायचे नसते. आणि मराठीत आपण ‘अटी-शर्ती’ म्हणतो, त्यातली अट आपली आणि शर्त अरबीतून आलेली. सरकारी भाषेत ज्याला परकीय मदत म्हणतात ती बहुतेक वेळा खैरात नसते, कर्ज असते. व्याज कमी, मुदत लांब, पण फेड करावीच लागते. त्यातल्या त्यात जागतिक बँकेच्या ‘आयडीए’ या शाखेचे कर्ज वेगळे होते. १९६० साली ही शाखा सुरू झाली तेव्हा तिच्या कर्जावर व्याज नव्हते, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क होते आणि फेडायला पन्नास वर्षे. आमच्याकडे बिनव्याजी कर्जाला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात, त्याच्या जवळ जाणारे हे कर्ज. भारत त्याचा कित्येक वर्षे सर्वांत मोठा ग्राहक होता. भातसा नदीचे पाणी मुंबईत आणण्याच्या योजनेलाही सत्तरच्या दशकात हेच कर्ज मिळाले. पवईची आयआयटी १९५८ साली उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तेव्हा सगळी परकीय मदत म्हणजे कट, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या नळाकडे आणि आपल्या हुशार भाच्याच्या पदवीकडे पाहावे.

गव्हाची बोटे आणि रुपयाचा भाव

मदत म्हटले की जुन्या पिढीला रेशनचा अमेरिकन गहू आठवतो. अमेरिकेने १९५४ साली ‘पी.एल. ४८०’ हा कायदा केला. आपल्याकडचे जादा धान्य मित्रदेशांना सवलतीने विकायचे आणि किंमत त्या देशाच्या चलनात घ्यायची, अशी सोय त्यात होती. भारताने १९५६ साली पहिला करार केला. डॉलर नसलेल्या देशाला रुपयांत धान्य मिळणे ही मोठी गोष्ट होती. पण त्यात एक तोटाही होता. शहरात स्वस्त गहू येत राहिला, तसे शेतीकडे लक्ष द्यायची निकड सरकारला कमी वाटू लागली.

मग १९६५-६६ आणि १९६६-६७ असे दोन पावसाळे लागोपाठ फसले. १९६६ साली जवळपास एक कोटी टन परदेशी धान्य भारतात आले, त्यातले बहुतांश अमेरिकी. त्याच काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोर आखूड धरला. मोठा करार न करता थोड्या थोड्या महिन्यांपुरते धान्य सोडायचे, आणि शेतीचे धोरण बदला, व्हिएतनाम युद्धावर टीका आवरा, असा दबाव ठेवायचा. बंदरात पुढची बोट कधी लागेल याचा हिशोब दिल्ली दिवसांवर करत होती.

इथे इतिहासाने एक चांगला धडा घालून दिला आहे. एकाच देणाऱ्याकडून, एकाच वेळी, दोन सुधारणांचा आग्रह झाला. एक रुजली, दुसरी फसली.

रुजली ती शेतीची. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरविल फ्रीमन यांच्यात समझोता झाला. शेतीत गुंतवणूक वाढवायची, खत आणि सुधारित बियाणे आणायचे, शेतकऱ्याला भाव द्यायचा. कागदावर ती अमेरिकेची अट होती. पण सुब्रमण्यम हेच करण्यासाठी आपल्याच मंत्रिमंडळाशी भांडत होते. बाहेरची अट त्यांच्या हातात आतले हत्यार ठरली. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. ज्वारीत सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण १९६४ मध्येच निघाले होते. त्यामागच्या संशोधनाला अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचे साहाय्य होते, पण काम भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय मातीत केले होते. महाराष्ट्रातला शेतकरी आजही त्या पिकाला ‘हायब्रीड’ एवढ्याच नावाने ओळखतो.

फसली ती रुपयाच्या अवमूल्यनाची. जागतिक बँकेने बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवले होते, त्यांचा सल्ला रुपया स्वस्त करा आणि आयातीवरचे परवाने सैल करा असा होता. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. निर्णय गुप्तपणे झाला, देशात त्याची तयारी नव्हती, खुद्द काँग्रेस अध्यक्ष कामराज नाराज झाले. त्यात पुन्हा पाऊस गेला. बदल्यात कबूल झालेली भरीव मदत वर्षानुवर्षे येत राहील अशी आशा होती, तीही लवकरच आटली. परिणाम असा की ‘अवमूल्यन’ हा शब्दच भारतीय राजकारणात शिवीसारखा झाला आणि पुढची पंचवीस वर्षे कोणी त्याला हात लावायला धजेना.

१९९१ ची गोष्ट याच्याशी ताडून पाहा. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारण ठेवायला पाठवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी तेव्हाही होत्या, रुपया तेव्हाही घसरवला. पण त्या सुधारणांचे टिपण आपल्याच अधिकाऱ्यांनी आधी करून ठेवले होते, आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी २४ जुलैला संसदेत उभे राहून त्याची जबाबदारी घेतली. त्या धोरणांवर टीका करायला भरपूर जागा आहे. गिरणगावातल्या माणसाला विचारा. पण ती धोरणे टिकली, याचे एक कारण ती कोणीतरी आपली म्हणून मांडली हे होते.

पी.एल. ४८० चा शेवटही सांगण्याजोगा आहे. धान्याच्या मोबदल्यात अमेरिकेच्या खात्यावर भारतात रुपयांचा डोंगर साचला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन त्या हिशोबाचा बराचसा भाग मिटवला. तोवर याच रुपयांतून एक निराळे कामही झाले होते. १९६२ पासून अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली जात होती. आज शिकागोसारख्या विद्यापीठात मराठी आणि उर्दू पुस्तकांची कपाटे भरलेली दिसतात, त्यांचा पाया रेशनच्या गव्हाच्या पैशाने घातला आहे.

लाल ज्वारी आणि माझ्या पगारातले २०० रुपये

माझी अम्मी बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती लहान होती. नानी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि घरी रेशनच्या ‘मिलो’ची लाल भाकरी व्हायची. अम्मी म्हणते, ती भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. गावात सगळे म्हणत, अमेरिकेने जनावरांचे खाणे आपल्याला भीक म्हणून दिले.

इतिहास थोडा वेगळा आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर अमेरिकेने मदत रोखली होती. १९७२-७३ मध्ये परदेशातून आलेले बहुतेक धान्य भारताने रोख पैसे मोजून घेतले. म्हणजे नानीच्या ताटातली ती भाकरी भीक नव्हती. भीक समजून खाल्लेली ती विकतची भाकरी होती. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तर चांगली तरी आणायची होती!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पण त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने स्वतःची अशी एक सुधारणा जगाला दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील विसापूरला लहान प्रमाणावर करून पाहिलेली कल्पना म्हणजे रोजगार हमी. काम मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ चा देशव्यापी कायदा त्याच वाटेने गेला.

यात परकीय कर्ज नव्हते. पैसा कुठून आला? १९७५ साली शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, तो रोजगार हमीसाठी. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते त्याच कराचे. शिक्षक-खोलीत या कपातीबद्दल कुरकुर ऐकली की मी सांगतो, की नानीसारख्या बायकांना मजुरी मिळावी म्हणून मुंबईकराने पाठवायला सुरुवात केलेला हा पैसा आहे. धोरण सुधारायला दर वेळी वॉशिंग्टनहून माणूस यावा लागत नाही, याचा हा घरचा पुरावा.

नॉर्वेच्या होड्या

मच्छीमार नगरातल्या माणसाला सगळ्यांत जवळची वाटेल अशी कथा मात्र केरळची आहे. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. नॉर्वे हा स्वतः मच्छीमारांचा देश, आणि कोणत्याही गरीब देशात त्याने हाती घेतलेला हा पहिला मोठा प्रकल्प. कोल्लमजवळच्या नीणडकरा भागात १९५३ पासून काम सुरू झाले. हेतू अगदी नेक होता. मच्छीमारांना इंजिनाच्या होड्या मिळाव्यात, बर्फ मिळावा, दवाखाना व्हावा, नळाचे पाणी यावे.

दवाखाना झाला, पाणीही आले. होड्यांचे मात्र वेगळेच झाले. साठच्या दशकात गोठवलेल्या कोळंबीला अमेरिका आणि जपानमध्ये मोठा भाव मिळू लागला. इंजिनाच्या होड्यांनी समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉल जाळी ओढायला सुरुवात केली. पैसा आला तसे पैसेवालेही आले. ज्यांच्या नावाने प्रकल्प सुरू झाला त्या गरीब मच्छीमारांपैकी मोजकेच बोटमालक झाले, बाकीचे आपल्या लहान होड्यांतून रिकामी जाळी घेऊन परतू लागले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ट्रॉलरवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात समुद्रातच संघर्ष पेटला. केरळने १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला आणि १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद केले.

आपला किनाराही या वाटेवरून गेला आहे. खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र १९४६ साली मुंबईतच सुरू झाले, आणि इंजिनाची होडी म्हणजे प्रगती हे सूत्र इथेही होते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने निर्बंध घातले ते २०१६ साली. लहान होडीवाला विरुद्ध मोठा बोटवाला, ही तक्रार मुंबईच्या कोणत्याही कोळीवाड्यात आज ऐकायला मिळते. नॉर्वेचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण उत्पादन वाढले की सगळ्यांचे भले होईल, हे गृहीत धरले गेले. समुद्र कोणाचा आणि वाढलेले उत्पन्न कोणाचे, हा प्रश्न करारात नव्हता, आणि तो विचारणाऱ्यांना बसायला खुर्चीही नव्हती.

मणिबेलीने उघडलेले दार

ती खुर्ची पुढे मिळाली, पण कोणी प्रेमाने दिली नाही. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. धरणाच्या पाण्यात जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यातले, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातले. तिथल्या आदिवासींच्या आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या लढ्यामुळे बँकेला १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ मधल्या तिच्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेचे स्वतःचेच नियम पाळले गेले नसल्याचे ठणकावून सांगितले होते. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले.

धरण थांबले नाही. ते देशाच्या पैशाने पूर्ण झाले. कर्ज गेल्यावर बाहेरून जाब विचारणारा एक दरवाजाही बंद झाला, ही या कथेतली कडू बाजू. पण त्याच वर्षी, सप्टेंबर १९९३ मध्ये, जागतिक बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापन केले. बँकेच्या पैशातल्या प्रकल्पाने ज्यांचे नुकसान होते ती माणसे आपल्या सरकारला वळसा घालून थेट तिथे तक्रार करू शकतात. जगभरच्या गरिबांसाठी हे दार उघडण्यात सातपुड्यातल्या एका लहान गावाचा मोठा हात आहे.

अकरा वर्षांनी त्या दारावर मुंबईकरांनी थाप मारली. ‘मुंबई नागरी परिवहन प्रकल्प’ म्हणजे एमयूटीपी. लोकलच्या जादा मार्गिका आणि रस्त्यांसाठी जागतिक बँकेने २००२ मध्ये ५४ कोटी २० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. रुळालगत आणि रस्त्यांच्या वाटेत राहणाऱ्या लाखाहून अधिक माणसांना हलवावे लागणार होते. बँकेचा आग्रह होता की आधी पुनर्वसनाचे धोरण करा. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीच्या शिफारशींवरून राज्याने १९९७ मध्ये ते केले. झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मिळणार होते. मोजणी आणि स्थलांतराच्या कामात ‘स्पार्क’, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांच्यातल्या वस्तीतल्याच बायका होत्या. बुलडोझर आधी आणि बोलणी नंतर, या मुंबईच्या जुन्या रिवाजाला लागलेला हा लगाम परकीय कर्जाच्या अटीतून आला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही सगळे नीट झाले नाही. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या वाटेत आलेल्या कुर्ल्याच्या दुकानदारांचे म्हणणे होते की मोठ्या दुकानालाही तेवढीच जागा आणि तीही गिऱ्हाईक नसलेल्या ठिकाणी मिळाली तर धंदा मरतो. २००४ मध्ये त्यांनी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलने चौकशी करून त्यांच्या बऱ्याच तक्रारी उचलून धरल्या, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले. राज्य सरकारने सुधारणा कबूल केल्यावर जूनअखेरीस ते पुन्हा सुरू झाले. कुर्ल्याच्या दुकानदारांच्या अर्जाने जागतिक बँकेचा हात थांबतो, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

आता कफ परेड

काळ बदलला आहे. २००३ साली भारताने लहान देणाऱ्या देशांना, तुमची मदत आता नको, असे कळवले. २०२२ मध्ये श्रीलंका बुडत होती तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचा आधार दिला. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. आपण आज देणारेही आहोत आणि घेणारेही. म्हणून जे प्रश्न आपण वॉशिंग्टनला आणि टोकियोला विचारले, ते उद्या कोलंबो आणि काठमांडूचे लोक दिल्लीला विचारतील, आणि त्यांना तो हक्क आहे.

आणि मच्छीमार नगर? समुद्रातला भराव, किनाऱ्यावरचे रस्ते, नवी बंदरे, झोपड्यांच्या जागी नव्या इमारती, असे काही ना काही या किनाऱ्याच्या वाट्याला येतच राहणार. त्यातले काही देशी पैशाने होईल, काही परदेशी कर्जाने. ‘जायका’चेही पर्यावरण आणि पुनर्वसनाचे स्वतःचे नियम आहेत आणि ते मोडले तर बाधित माणसांना हरकत घेण्याची रीत आहे. हे वस्तीतल्या किती जणांना ठाऊक आहे? उलट, पैसा देशी असेल तर असे परके दार नसते. तिथे आपली महापालिका, आपले न्यायालय, आपला आमदार आणि माहितीचा अधिकार हेच दरवाजे आहेत, आणि तेही ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. परकीय पैशाला घाबरू नये आणि त्याने भारावूनही जाऊ नये. कर्ज आपली मुले फेडणार आहेत, तेव्हा त्याचे कागद वाचायचा हक्क त्यांच्या आईबापांना आहे. नवा प्रकल्प आला की तीन गोष्टी विचाराव्यात. ही योजना मुळात कोणी मागितली? तिचे कागद मराठीत, हिंदीत, उर्दूत वस्तीला मिळतील का? आणि नुकसान झाले तर तक्रार कुठे, किती दिवसांत आणि कोणाकडे करायची? मणिबेलीच्या आदिवासींकडे आणि कुर्ल्याच्या दुकानदारांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. त्यांनी प्रश्न सोडला नाही, म्हणून जगातल्या सर्वांत मोठ्या सावकारांपैकी एकाला आपले नियम बदलावे लागले. मच्छीमार नगरातल्या होडीवाल्याला तर भरतीची वेळ कधी चुकत नाही. हरकत घेण्याची मुदतही त्याने तशीच ध्यानात ठेवावी.